तांदळाएवढा तोकडा पंख

चि. बाळू आणि चि. सुमन यांस,

तुमच्या पत्राचे उत्तर या वेळी छापील येते आहे, याचे नवल वाटून घेऊ नका. इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला शाळेतल्या तीस वर्षांबद्दल काहीतरी लिहून मागितले होते. तीस वर्षांत मी तीस हजेरीपट भरले, याखेरीज त्यांना सांगण्याजोगे फारसे नव्हते. तुम्ही नैरोबीहून जे विचारलेत ते मात्र शाळेच्याच एका खोलीत घडलेले आहे. म्हणून एकाच शाईत दोन्ही कामे उरकून घेते.

बाबांनी तुम्हाला लाकडी विमानाची पेटी आणून दिली, बाळूने पंख जोडण्याआधीच त्यांना निळा रंग फासला आणि आता ते डिंकाने चिकटत नाहीत, हे कळले. सुमनने विचारले आहे, "आजी, बाबा म्हणतात तू लढाईत अशीच विमाने करत होतीस. तुला सगळ्यांत मजा कोणत्या पायरीला यायची?" बाबांना हे कोणी सांगितले याचा मी चार दिवस विचार करते आहे. मी सांगितलेले नाही. कोणालाही सांगणार नाही अशा कागदावर माझी सही घेतलेली होती. पण लढाई संपली, आणि यंदाच्या ऑगस्टात सही घेणारेही निघून गेले. तेव्हा आता सांगते.

माझा स्वभाव मुळात शंकेखोर. तुमचे आजोबा म्हणत, ही देवाला नैवेद्य दाखवील पण ताटातले लाडू मोजून ठेवील. नागपूरला मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले, तिथे नीटनेटकेपणाला फार मान होता. तो गुण आणि हा स्वभाव एकत्र झाले की काय होते, ते पुढे येईलच.

बेचाळीसच्या गडबडीनंतरच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका सरकारी कचेरीतून मला बोलावणे आले. गोंदियाच्या मुलींच्या शाळेची मी मुख्याध्यापिका. काम असे होते. डोक्यावरून जाणारे विमान आपले की शत्रूचे, हे खालच्या माणसाने क्षणात ओळखायला हवे. त्यासाठी पहारेकऱ्यांना शिकवायचे तर विमानाचे हुबेहूब लहान नमुने हवेत. पेट्या कचेरी पाठवणार. पेटीत ओबडधोबड कापलेले लाकडाचे तुकडे, जाड पुठ्ठ्याचे साचे, एक नकाशा आणि बारीक टाइपातले इंग्रजी सूचनापत्रक. ते वाचू शकेल आणि तोंड बंद ठेवू शकेल अशी व्यक्ती त्यांना हवी होती. पहिली गोष्ट मला येत होती. दुसरीबद्दल त्यांना खात्री नव्हती, म्हणून सही.

प्रमाण एकास बहात्तर. सोपे करून सांगते: सहा फुटी माणूस या मापाने एक इंचाचा होतो. चाळीस फुटांचे विमान शाळेच्या पाटीएवढेही भरत नाही. पण त्यामुळेच चूक महाग पडते. आपल्या हातून सुताएवढे लाकूड जास्त गेले तर खऱ्या विमानाचा वीतभर भाग नाहीसा होतो.

शाळेची हस्तव्यवसायाची खोली या कामाला दिली. खिडक्यांच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदे लावले. काम करणारी आम्ही तिघे. मी, आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षिका रामप्यारीबाई, आणि डोमाजी सुतार. रामप्यारीबाई गोंदियाच्याच, घरी हिंदी बोलणाऱ्या, तिशीच्या, हात अतिशय हलका. डोमाजी पन्नाशीचा, अर्जुनी मोरगावकडचा. आमची बाके तोच दुरुस्त करी. एरवी वर्षभर नांगर आणि दाराच्या चौकटी, आणि पोळ्याच्या आधी लाकडाचे बैल. तुम्ही लहानपणी पाहिलेले आठवते का? आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुले लाकडाचे बैल सजवून मिरवतात. डोमाजीचे बैल सुटे असत; चाकाच्या फळीवर ते त्या दिवसापुरते दोरीने बांधायचे. गोंदियातल्या निम्म्या घरांत त्याचा बैल होता.

आता पायऱ्या. पहिली पायरी पेटी उघडण्याची, आणि मजेत तिचा नंबर वरचा. तुकडे विलायती वर्तमानपत्रात गुंडाळलेले असत. मी आधी ते सुरकुतलेले कागद वाचून काढी, मग तुकडे यादीशी ताडून पाही. नेहमी एखादा तुकडा कमी निघे आणि मला बरे वाटे. सगळे बरोबर निघाले की मी पुन्हा मोजत असे.

दुसरी पायरी डोमाजीची. तुकडा पायाच्या दोन बोटांत धरून तो पटाशीने आणि मग कानशीने आकार काढी. त्याला नकाशा वाचता येत नसे. मी साचा हातात देई, तो एकदा बोट फिरवी आणि साचा बाजूला ठेवून देई. पहिल्यांदा मला हे आवडले नव्हते. पुढे पेट्यांतले लाकूड संपले आणि नुसतेच साचे येऊ लागले, तेव्हा त्याने दरेकशाच्या जंगलाकडून रेल्वेने शिवण नावाच्या झाडाचे लाकूड आणवले. ते मऊ, भुरे, चिरा न पडणारे. विलायती लाकडापेक्षा चांगले, हे नागपूरनेही मान्य केले.

तिसरी पायरी माझी, आणि सुमन, तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच. साचा लाकडाला लावायचा आणि दोन्ही मिळून खिडकीच्या वरच्या उजेडासमोर धरायचे. जिथे लाकूड कमी असेल तिथे साच्याच्या कडेला उजेडाची केसासारखी रेघ दिसते. रेघ नाही म्हणजे तुकडा बरोबर. लाकूड सुंदर दिसत असते, हाताला गुळगुळीत लागत असते, आणि आपण त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवायचा नसतो. माझ्या स्वभावाला एवढे मानवणारे काम मला आयुष्यात दुसरे मिळाले नाही. तुकडा उतरला की मी त्याच्या पोटावर शिसपेन्सिलीने माझी खूण करी.

मग पंख जोडायचे, त्यांचा बाक जुळवायचा. मग डोमाजी पोटात गिरमिटाने भोक पाडून दांडी बसवी आणि काचकागदाचा शेवटचा हात देई. शेवटी रामप्यारीबाई सबंध विमान काळे रंगवीत. काळेच, कारण आकाशात आपल्याला सावलीच दिसते, रंग दिसत नाही. त्या म्हणत, खरी मजा इथेच. दुपारपर्यंत लाकूड असते आणि चार वाजता विमान होते. बाळू, रंग शेवटी. हे तुला कळले असेलच.

त्या दिवसांत गोंदियात कोणाचा कोणावर विश्वास नव्हता. गावापासून काही मैलांवर धावपट्टी झाली होती, तिकडून विमाने येत-जात, आणि शाळेच्या एका खोलीला अर्धे पडदे लागलेले. आम्ही काळी पाखरे करून कोणावर तरी करणी करतो, अशी बोलवा उठली. दोन मुलींची नावे शाळेतून काढली गेली. एका भातगिरणीचे शेठजी स्वतः आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, बाईजी, दुश्मनवाला एक हमको दे दो, मिल के ऊपर टांग देंगे, अपना समझ के छोड़ देगा. मी नकार दिला तेव्हा त्यांना वाटले की तो मी दुसऱ्या गिरणीवाल्याला आधीच दिला आहे. उलट पोलिसांना वाटे की ही विमाने आम्ही चोरून कोणाला तरी दाखवत असू. जमादार आठवड्यातून एकदा येऊन तयार नमुने मोजून जाई. मोजणीत तो नेहमी चुके, पण चूक माझी आहे असे वहीत लिही.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात नागपूरहून पत्र आले. लिहिणारे आमच्या कामाचे तपासनीस, मद्रासकडचे गृहस्थ. त्यांचे मोजके इंग्रजी मला आवडत असे. पत्रात होते की आमच्याकडून गेलेल्या बारा नमुन्यांपैकी अकरांचा डावा पंख टोकाशी एका इंचाच्या सोळाव्या भागाने कमी आहे. म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा. पुढे त्यांनी लिहिले होते, निष्काळजीपणा प्रत्येक वेळी वेगळा असतो, हा सारखा आहे. कोणाला कळू न देता शोध घ्यावा.

ते वाक्य वाचले तेव्हा, खरे सांगते, मला थोडा आनंदही झाला. मला एक रेघ दिसली होती.

शाळेतल्या फळीवर सहा तयार नमुने होते. दार लावून मी सहाही साच्याला लावले. सहाही नमुन्यांचा डावा पंख तोकडा, आणि कडेवरचा रंग अखंड. म्हणजे माझी खूण झाल्यानंतर आणि रंग लागण्याआधी कोणीतरी लाकूड काढत होते. माझी चूक मला त्याच क्षणी कळली. मी तुकडा एकदा तपासत असे, शेवटी पुन्हा तपासत नसे. इतकी वर्षे मला वाटे की मी सगळ्यांवर संशय घेते. पण ज्यावर माझी खूण झाली, त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत होते.

पहिला संशय रामप्यारीबाईंवर. त्यांचा भाऊ बेचाळीसमध्ये तुरुंगात गेला होता. मला ते माहीत होते आणि मी कधी बोलले नव्हते. आता तेच माझ्या डोक्यात फिरू लागले. मी त्यांची जागा खिडकीजवळून दाराजवळ आणली. त्या घरी गेल्यावर त्यांचे रंगाचे डबे उघडून पाहू लागले, तळाशी लाकडाचा भुसा सापडतो का म्हणून. असे पंधरा दिवस चालले. एका दुपारी त्या अचानक परत आल्या, तेव्हा मी डबा हातात घेऊन उभी होते.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, झाकण लावले आणि म्हणाल्या, "बड़ीबाई, शक हो तो पूछ लो. ऐसे डिब्बे मत सूँघो."

मी विचारले नाही. त्यांनीही पुन्हा तो विषय काढला नाही, पण त्या दिवसापासून त्या डबे उघडेच ठेवून घरी जात.

मग मी सापळा लावला. पंखाच्या अगदी टोकावर, कडेला, पेन्सिलीचा इतका बारीक ठिपका केला की शोधल्याशिवाय दिसू नये. नमुना डोमाजीकडे दांडी बसवायला दिला. तासाभराने रामप्यारीबाईंच्या आधी मीच तो उचलला. ठिपका नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा केले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही वेळा ठिपका नाहीसा झालेला, आणि पंख दाणाभर तोकडा.

डोमाजी माझ्यापासून दहा पावलांवर बसलेला होता. गिरमिटाचा भुसा फुंकत होता. हे सगळे मला इतके स्पष्ट आठवते, कारण त्याच वेळी मी मेजाशी बसून अहवाल लिहायला घेतला. सहा परिच्छेद, प्रत्येकाला अनुक्रम. चौथ्यात ठिपक्याची हकीकत होती आणि तो विशेष चांगला उतरला होता. इतके नेटके इंग्रजी मी त्यानंतर कधी लिहिले नाही. डोमाजीचे पूर्ण नाव मला ठाऊक नव्हते, तेवढे मात्र त्यालाच विचारून घेतले. त्याला वाटले मजुरीच्या कागदासाठी असेल. त्याने बापाचे आणि आजाचेही नाव सांगितले.

चार दिवसांनी जमादार आणि दोन शिपाई त्याला शाळेतूनच घेऊन गेले. त्याची हत्यारे खोलीत राहिली.

ठाण्यात त्याने जे सांगितले ते फौजदारांना समजले नाही, आणि जेवढे समजले तेवढे खोटे वाटले. तपासनीस नागपूरहून आले, पण त्यांना मराठीच येत नव्हते. फौजदार हिंदीवाले, डोमाजीची खेड्यातली बोली त्यांना अर्धीच कळे. म्हणून मला बोलावले, त्याच्या जबाबाचे इंग्रजी करायला. ज्या बाईने अहवाल लिहिला तीच दुभाषी. यात काही वावगे आहे असे त्या खोलीत कोणालाच वाटले नाही. मलाही नाही.

डोमाजी भिंतीशी उकिडवा बसला होता. चार दिवसांची दाढी वाढली होती. मला पाहून तो उठून उभा राहिला, शाळेत राहत असे तसा.

मी विचारले, "पंख तुम्हीच कापले का?"

"होय जी. मीच छिललो. जानूनच छिललो."

हे वाक्य मी इंग्रजीत सांगायचे होते. 'जानून' या शब्दापाशी मी थांबले. त्याचे खरे भाषांतर केले तर माणूस तुरुंगात जात होता, आणि दुसरे कोणतेही भाषांतर खोटे होते. तपासनीस माझ्याकडे पाहत होते. मी खरे तेच सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले.

"कशासाठी?"

तेव्हा तो बोलला. त्याचे शब्द मी जसेच्या तसे देते. "पुरं करू नाई जी. लाकडाचं पुरं केलं, का खरा त्याले न्यायले येते. बैल पुरा केला त गोठ्यातला जाते. म्हनून थोडकसं अधुरं ठेवाव लागते. माया बापानं ठेवलं, आज्यानं ठेवलं. आन् हे त इमान हाय. हे पुरं केलं, खरं आलं डोक्यावर, त मंग कोनाच्या घरावर पडन?"

मी भाषांतर केले. तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांनी विचारले, हा माणूस असे म्हणतो का, की त्याने या गावाचे रक्षण केले?

मी विचारले. डोमाजीला प्रश्नच विचित्र वाटला. तो म्हणाला, "आतावरी आलं का एखादं?"

फौजदार हसले. तपासनीस हसले नाहीत. ते म्हणाले, पकडले गेल्यावर अशी गोष्ट कोणीही रचील. आणि त्या क्षणी मला माझी लाज वाटली, कारण त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटले असते. पण मी गोंदियात पंचवीसहून जास्त वर्षे काढली होती आणि त्याचे बैल घरोघर पाहिले होते. मी साहेबांना म्हटले, ही गोष्ट आज रचलेली आहे की आजोबापासून चालत आलेली, हे मोजून काढता येईल. मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या.

विश्वास ठेवा अशी विनंती मी केली असती तर त्यांनी ऐकले नसते. मोजण्याची भाषा त्यांना कळली. त्यांनी वेळ दिला.

त्या संध्याकाळी मी आणि रामप्यारीबाई घरोघर हिंडलो. त्या माझ्याबरोबर का आल्या, हे मी त्यांनाही विचारले नाही. ऐन पौषात मोठ्या बाईंना पोळ्याचा बैल कशाला हवा, हे कोणाच्या आईला समजेना. एकीने बैल आत नेऊन लपवला. एकीने दिला, पण बैलाबरोबर स्वतःही निघाली आणि तो परत मिळेपर्यंत दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या ओसरीवरून हलली नाही. डोमाजीचे सात बैल मिळाले. सर्वांत जुना पंधरा वर्षांचा, रंग उडालेला. शिवाय दुसऱ्या सुतारांचे दोन बैल मी मुद्दाम घेतले. ताडून पाहायचे तर दोन्ही बाजू हव्यात.

ठाण्यात मेज नीट सपाट आहे की नाही ते मी आधी पाहिले. मग दुसऱ्यांचे दोन बैल ठेवले. ते उभे राहिले. नंतर डोमाजीचे एकेक करून ठेवले. एकही नीट उभा राहीना. बोट लावले की प्रत्येक बैल पुढे-मागे डुले. सातही बैलांचा मागचा डावा पाय तोकडा होता. खाली दुमडलेले पोस्टकार्ड सरकवले की डुलणे थांबे. फळीवर बांधलेले असताना हे कोणाला कळण्याची सोय नव्हती. मी स्वतः पूर्वी त्याचा असाच एक तुमच्या बाबांसाठी विकत घेतला होता आणि मला कळले नव्हते.

तपासनिसांनी एका बैलाला बोट लावले, पुन्हा लावले. मेजावर बराच वेळ खुटखुट होत राहिली. मग ते मला म्हणाले, याला विचारा, डावाच पाय का.

"मागचा कोनाले दिसत नाई जी. पूजा पुढून करतेत."

आणि डावाच पंख का?

"तो माया अंगाले येते बसलो का." एवढेच कारण.

त्याला त्याच दिवशी सोडले. तपासनिसांनी माझ्यासमोर जबाबाच्या खाली दोन ओळी लिहिल्या. त्या मला दाखवल्या नाहीत. अट अशी की डोमाजीने पुन्हा या कामाला हात लावायचा नाही, गोंदियात राहायचे नाही, आणि त्याचे नाव त्याच्या गावच्या बाजूच्या ठाण्यात कळवले जाईल. मला वाटले होते की सुटला म्हणजे झाले. शिपायाने त्याला त्याचे पागोटे दिले. ओसरीवर ती बैलवाली बाई बैल पोटाशी धरून निघून गेली, आणि पायऱ्यांवर आम्ही दोघेच उरलो.

तो म्हणाला, "बाई, मले इचारलं काऊन नाई?"

मी म्हटले, साहेबांचे तसे पत्र होते. कोणाला कळू द्यायचे नव्हते.

"साहेब नागपूरले होते जी. तुमी त दारात होत्या."

तो हत्यारे घ्यायलाही शाळेत आला नाही. ती मी माणसाबरोबर अर्जुनीला पाठवली, यादी करून.

पुढे लढाई संपेपर्यंत आमच्याकडे दुसरा सुतार होता. साच्यापेक्षा लाकूड केसभरही कमी-जास्त होत नसे. आता मी दोनदा तपासत असे, रंगाआधी आणि रंगानंतर. ती पायरी मला नकोशी झाली असे लिहिले तर तुम्हाला बरे वाटेल, पण खोटे होईल. खिडकीशी साचा धरला की मला अजूनही तितकाच आनंद होई. रामप्यारीबाईंशी मात्र मी नमुन्यांखेरीज काही बोलू शकले नाही. कधी वाटे, एकदा भावाची चौकशी करावी. पण तेही त्यांना चौकशीसारखेच वाटले असते.

यंदा श्रावणात, शाळेतून मोकळी झाल्यावर, मी छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीने अर्जुनीला गेले. तिथून डोमाजीच्या गावाला बैलगाडीने. पोळा दहा-बारा दिवसांवर होता. बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, रोवणी झालेली होती आणि पडवीत तो बैलांना शेवटचा हात देत होता. मला पाहून तो उठला. "या जी बाई," म्हणाला आणि बायकोला पाणी आणायला सांगितले. मनात काही ठेवून बोलतो आहे का, हे मी सवयीने पाहिले. नव्हते. लेकीचे लग्न झाले, डोळ्याला कमी दिसते, ठाण्यातला माणूस दर पोळ्याला येतो, असे तो सहज सांगत गेला.

"कशासाठी येतो?"

"बैल पाहाले. पाय मोजते. वरतून कागद आला म्हनते, का डोमा सुतार काम खोटं करते."

मी शेजारचा एक बैल उचलला. रंध्याने साफ केलेली एक फळी पडली होती, तिच्यावर ठेवला. बोट लावले. पुन्हा लावले. दुसरा ठेवून पाहिला.

मी म्हटले, "डोमाजी, हे डुलत नाहीत."

"आता पुरे करून राहिलो जी."

"आणि खरा न्यायला आला तर?"

त्याने कानशीवरचा भुसा बोटाने काढला. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "अधुरं ठेवलं तवा मलेच न्यायले आले. मंग कायले ठेवाचं?"

मग त्याने माझ्या हातातला बैल घेतला आणि भिंतीशी बाकीच्यांच्या रांगेत ठेवून दिला. पंधरा होते, मी मोजले. पंधराही चारी पायांवर घट्ट उभे होते.